हात, टाळी, पोस्टकार्ड, एसएमएस

सिसिली आणि इटलीतल्या नाट्यस्पर्धांचा निकाल प्रेक्षक हात वर करून देतात, हे प्लेटोला फार खटकत असे. 'लॉज' या आपल्या अखेरच्या ग्रंथात त्याने म्हटलं आहे की, या प्रथेने तिथले कवी बिघडले, कारण ते गर्दीला रुचेल तेवढंच लिहू लागले. प्रेक्षकही बिघडले, कारण आपल्याहून वरचढ काही ऐकण्याची त्यांची सवय मोडली. परीक्षकाने प्रेक्षागृहात शिकवणारा म्हणून बसावं, शिकणारा म्हणून नव्हे, आणि भोवतालच्या कल्लोळाला भिऊन निकाल बदलू नये, असं त्याचं सांगणं. ही तक्रार सुमारे २३५० वर्षांपूर्वीची आहे. आज एखाद्या रिअ‍ॅलिटी शोच्या निकालानंतर घरातले जाणते जे बोलतात, ते याहून फार वेगळं नसतं.

पण प्लेटोच्या अथेन्समधली व्यवस्थाही पाहायला हवी. डायोनिससच्या उत्सवातल्या नाट्यस्पर्धेसाठी दहा जमातींतून प्रत्येकी एक, असे दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. प्रत्येकाने आपला क्रम लिहून तो घड्यात टाकायचा आणि त्यांतले पाचच बाहेर काढायचे. कुणाचं मत मोजलं जाणार हे आधी कळलं नाही, तर लाच देणाऱ्याचा हात आखडतो. इतकी काळजी घेऊनही, सोफोक्लिसच्या ज्या नाट्यसंचात 'राजा ईडिपस' होतं त्याला दुसरा क्रमांक मिळाला. इ.स.पू. ४२३ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसचं 'क्लाउड्स' हे प्रहसन तिघांत तिसरं आलं. पुढे त्याने ते पुन्हा लिहिलं आणि त्यात प्रेक्षकांनाच बोल लावले. म्हणजे निकालाचा अधिकार मोजक्यांच्या हाती दिला की गुणाचीच निवड होते, अशी हमी तेव्हाही नव्हती.

म्हणून 'लोकप्रियता की गुणवत्ता' हा प्रश्न थेट हाताळण्यात मला अर्थ वाटत नाही. तो प्रश्न अडीच हजार वर्षं जिथल्या तिथे आहे. बदलत गेलं ते दुसरंच काही. मत देणारा गाणाऱ्यापासून किती लांब बसला आहे, त्याला किती मतं देता येतात आणि त्या मतांचे पैसे कुणाला मिळतात, या तीन गोष्टींचा माग काढला की टीव्हीवरचे बरेचसे निकाल कळू लागतात.

सुरुवातीला मत देणारा गाणाऱ्याच्या समोरच असे. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यात दोन फड समोरासमोर उभे राहत, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने कवनातून जवाब द्यायचा. तिथे श्रोत्यांचा कल कुणीकडे आहे हे दिसे, पण जवाब सुचला नाही तर तो सुचला नाही, हेही सगळ्यांना दिसे. लोकांचं प्रेम आणि शाहिराची विद्या एकाच आखाड्यात तपासली जात होती. संगीत रंगभूमीवरचा 'वन्स मोअर' हाही मताचाच प्रकार. बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअरमागून वन्स मोअर मिळत आणि नाटक रात्र खाऊन टाके. या मतात मला एक सौजन्य दिसतं. ते गाणं ऐकून झाल्यावर, ऐकणाऱ्याच्या तोंडून येई, त्याचं फळ म्हणजे तेच पद पुन्हा, आणि त्यापायी दुसऱ्या कुणा गायकाला घरी जावं लागत नसे.

घरी पाठवणारा प्रेक्षक न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत भेटतो. तिथल्या अपोलो थिएटरमध्ये १९३४ मध्ये हौशी कलाकारांची रात्र सुरू झाली. न आवडलेल्याला हुर्यो करून उतरवायचं, आवडलेल्याला टाळ्यांनी जिंकवायचं. त्याच वर्षी सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड तिथे नाचायला म्हणून आली, आधीच्या जोडीचं नृत्य पाहून तिचा धीर खचला आणि आयत्या वेळी ती गायली. त्या रात्री प्रेक्षकांनी तिला जिंकवलं. जाझ संगीताला त्याची एक थोर गायिका टाळ्यांच्या मोजणीतून मिळाली. गर्दीला कान नसतात असं म्हणणाऱ्याने ही रात्र लक्षात ठेवावी. आणि जाणत्यांच्या भरवशावर सगळं सोडू पाहणाऱ्याने दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकन टीव्हीवर आर्थर गॉडफ्रे यांच्या 'टॅलेंट स्काउट्स' या कार्यक्रमासाठी १९५५ मध्ये एल्विस प्रेस्ली चाचणी द्यायला गेला आणि निवड करणाऱ्यांनी त्याला नाकारलं.

रेडिओ आला आणि ऐकणारा सभागृहाबाहेर गेला. मेजर बोज यांचा 'अमॅच्युअर अवर' १९३५ मध्ये अमेरिकाभर ऐकू येऊ लागला. श्रोते फोन करून आणि पोस्टकार्ड टाकून मत देत. त्याच वर्षी होबोकेनच्या चार पोरांनी तिथे बाजी मारली, त्यांत फ्रँक सिनात्रा होता. ब्रिटनमध्ये ह्यूई ग्रीन यांच्या 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स'ने दोन्ही प्रकारचे प्रेक्षक एकाच कार्यक्रमात आणले. स्टुडिओतल्या टाळ्या मोजायला 'क्लॅपोमीटर' नावाचं यंत्र पडद्यावर दिसे, पण ते केवळ गंमत म्हणून आहे, असं सांगितलं जाई. खरा निकाल घरून आलेल्या पोस्टकार्डांवर लागे आणि तो पुढच्या आठवड्यात कळे.

आपल्याकडे याच सुमारास मतं मोजली गेली, पण ती नवशिक्या गायकांची नव्हेत. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गाण्यांची चढउतार ठरवताना रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती विचारात घेतली जाई. १९५४ चे पहिले फिल्मफेअर पुरस्कारही वाचकांच्या मतांनी ठरले आणि त्या मतांनी बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं. कर्जबाजारी शेतकऱ्याची ती गोष्ट होती, तिच्यात गल्लाभरू असं काही नव्हतं. नवा गायक शोधायचा तेव्हा मात्र काम जाणत्यांकडे जाई. महेंद्र कपूर पुढे आले ते मर्फी-मेट्रो स्पर्धेतून, आणि तिथे संगीतकार परीक्षक होते.

पोस्टकार्डाच्या मताला एक संथपणा होता, आणि तो माझ्या मते मोलाचा होता. कार्ड आणायचं, नाव लिहायचं, पेटीत टाकून यायचं. तोवर गाण्याचा पहिला भर ओसरलेला असे. १९८७ मध्ये बीबीसीने 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' नव्या रूपात आणलं आणि मतदान टेलिफोनवर नेलं. आठवड्याचं काम मिनिटांवर आलं. शिवाय एकाच घरातून पुन्हा पुन्हा नंबर फिरवता येऊ लागला, आणि दर वेळी फोन कंपनीच्या मीटरवर काही पैसे चढू लागले.

या दोन्ही गोष्टींचा धंदा म्हणून पुरेपूर उपयोग केला तो २००१ च्या ब्रिटिश 'पॉप आयडॉल'ने. त्याच्या अंतिम फेरीत ८७ लाख मतं पडली. विल यंग ४६ लाख मतं घेऊन गॅरेथ गेट्सच्या पुढे गेला. अमेरिकेत २००३ मध्ये रूबेन स्टडार्ड आणि क्ले एकेन यांच्यातला फरक २.४ कोटी मतांत केवळ १,३४,००० चा होता. हे आकडे निवडणुकीच्या भाषेत छापले गेले आणि वाचणाऱ्याला वाटलं, इतक्या माणसांनी कौल दिला. पण ही मतं होती, माणसं नव्हेत.

भारतात याची पूर्वपीठिका वेगळी आहे. झी टीव्हीवर १ मे १९९५ ला गजेंद्र सिंह यांचा 'सा रे ग म' सुरू झाला. सूत्रधार होता तरुण सोनू निगम आणि समोर बसलेले परीक्षक संगीतातले बुजुर्ग असत. मुलांच्या विशेष भागांतून पुढे आलेल्या श्रेया घोषालला कल्याणजींसारख्या परीक्षकांनी पारखलं होतं. त्या कार्यक्रमाची जी गोष्ट मला आज सर्वांत मोठी वाटते ती निकालाची नाही, निकालाआधीच्या बोलण्याची आहे. सूर कुठे उतरला, शब्द कुठे तुटला, जागा कशी घ्यायला हवी होती, हे परीक्षक सांगत आणि घरोघरी लोक ते ऐकत. प्लेटोला हवा असलेला शिकवणारा परीक्षक काही वर्षं दर आठवड्याला आपल्या दिवाणखान्यात येत होता.

एसएमएसने तो गेला. ऑक्टोबर २००४ मध्ये 'इंडियन आयडॉल' सुरू झालं आणि मार्च २००५ मध्ये मुंबईच्या अभिजीत सावंतला देशाने निवडलं. त्यानंतर 'सा रे ग म प'नेही प्रेक्षकांच्या मतांचा मार्ग धरला. मतं लोकांच्या हाती गेल्यावर परीक्षकाच्या कठोर शब्दाचा परिणामच उलटा होऊ लागला. २००५ च्या 'फेम गुरुकुल'मध्ये श्रीनगरच्या काझी तौकीरच्या कच्च्या सुरांवर जाणत्यांनी वारंवार बोट ठेवलं आणि दर वेळी त्याच्या पाठीमागची सहानुभूती वाढली. अखेर रूपरेखा बॅनर्जीसोबत तो विजेता झाला. याच कार्यक्रमातून अरिजित सिंह बाद झाला होता.

अरिजितचं नाव या वादात हुकमी एक्का म्हणून वापरलं जातं. अमेरिकेत तसंच जेनिफर हडसनचं घेतात. २००४ च्या 'अमेरिकन आयडॉल'मध्ये ती सातव्या क्रमांकावर बाद झाली आणि २००७ मध्ये तिने ऑस्कर घेतलं. मला हा पुरावा लंगडा वाटतो. अठरा वर्षांचा अरिजित त्यानंतर कित्येक वर्षं संगीतकारांच्या हाताखाली राबला, तेव्हा कुठे २०१३ मध्ये 'तुम ही हो' घराघरांत पोचलं. मत देणाऱ्याने त्या संध्याकाळचं गाणं ऐकलं होतं, आठ वर्षांनंतरचं नव्हे. मतांवर आरोप करायचाच तर तो भविष्य न दिसल्याचा करू नये. त्या संध्याकाळी तरी ती गाण्याला पडली का, एवढं विचारावं.

आणि तिथे उत्तर अवघड होतं. २००६ च्या सुरुवातीला 'सा रे ग म प चॅलेंज'मध्ये सिलचरचा देबोजित साहा जिंकला तेव्हा आसाम रस्त्यावर आला. भाषेवरून रक्त सांडलेल्या त्या राज्यात बराक खोऱ्यातल्या एका बंगालीभाषक मुलामागे सगळे उभे राहिले. उरलेल्या देशात मात्र कुरकुर होती की, हा प्रांताचा विजय आहे, गाण्याचा नाही. पुढच्याच वर्षी याचं सर्वांत मोठं रूप दिसलं.

२००७ चा तिसरा 'इंडियन आयडॉल'. अंतिम फेरीत एका बाजूला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग. वडील वारल्यावर त्यांच्या जागी कोलकाता पोलिसांत शिपाई म्हणून लागलेला, पोलिसांच्या ऑर्केस्ट्रात गाणारा. दुसऱ्या बाजूला शिलाँगचा अमित पॉल, ज्याचा गळा अधिक तयार आहे असं बहुतेक जाणकारांचं मत. २३ सप्टेंबरला निकाल लागला. सुमारे ७ कोटी मतं पडल्याचं सांगण्यात आलं आणि प्रशांत मोठ्या फरकाने जिंकला.

आता २००१ ची जनगणना काढून पाहा. दार्जिलिंग जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख. सिक्कीम आणि देशभर विखुरलेले नेपाळीभाषक धरले तरी हिशेब माणसांचा लागत नाही, मतांचाच लागतो. डोंगरातल्या गावांनी वर्गण्या काढल्या, सिमकार्डं विकत घेतली, पोरं रात्र रात्र बसून एसएमएस पाठवत राहिली. याला फसवणूक म्हणायला मी तयार नाही. नियमाने जे करू दिलं तेच त्यांनी केलं. आणि कशासाठी केलं, ते समजून घेतल्याशिवाय त्यांच्याविषयी बोलूही नये. भारतात जन्मलेल्या, भारतीय फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या या माणसांना बाकीचा देश परदेशी समजतो किंवा रात्रीचा पहारेकरी. 'इंडियन' हा शब्द ज्या किताबात आहे तो आपल्यातल्या एकाच्या नावापुढे लागावा, ही त्यांची ओढ होती. गाण्याची स्पर्धा ही त्यांच्या हाताला लागलेली पहिली मतपेटी होती, जिथे ते संख्येने कमी असूनही जिद्दीच्या जोरावर जिंकू शकत होते.

निकालानंतर काही दिवसांतच दिल्लीतल्या एका एफएम निवेदकाने प्रशांतवर पहारेकऱ्याचाच शेरा मारला. त्या एका वाक्याने त्याच्या माणसांचा सगळा आनंद कडू केला. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत दंगल उसळली, लष्कर आणावं लागलं. प्रशांतसाठी मतं गोळा करणाऱ्यांच्या पुढे बिमल गुरुंग होते. ऑक्टोबरात त्यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि दार्जिलिंगच्या डोंगरावरची सुभाष घिशिंग यांची दोन दशकांची सत्ता उलथली. गोरखालँड या वेगळ्या राज्याची मागणी जुनी होती, ती एसएमएसमधून जन्मली नाही. पण माणसं जमवण्याची, पैसा उभा करण्याची तालीम तिथे झाली. तिकडे मेघालयात, जिथे आदिवासी आणि बिगर-आदिवासी यांच्यात दंगली होऊन गेल्या होत्या, तिथे अमित पॉलसाठी दोन्हीकडचे लोक एकत्र आले आणि राज्य सरकारने त्याला शांतता आणि सलोख्याचा दूत नेमलं. एकाच स्पर्धेने एका डोंगरात तेढ पेटवली आणि दुसऱ्या डोंगरात ती काही काळ विझवली. या सगळ्यात 'प्रशांत जास्त चांगला गातो की अमित' हा प्रश्न कधीच मागे पडला होता, आणि त्याबद्दल दार्जिलिंगला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. हजार मैलांवरून, एका माणसाला हजार मतं देण्याची मुभा असलेल्या पेटीत लोक गाण्याचं मत टाकत नाहीत. आपण कोण आहोत ते सांगतात.

ही मुभा कुणी दिली? ज्याचा त्यात गल्ला होता त्याने. साध्या एसएमएसपेक्षा या एसएमएसचा दर जास्त असे. २००७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'च्या प्रेक्षक-स्पर्धेत तो २ रुपये ४० पैसे होता. बक्षिसाची रक्कम याच पैशांतून निघते आणि लोकांना ती फुकट असल्याचं भासवलं जातं, असं म्हणत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वाहिनी आणि दूरसंचार कंपनीला १ कोटीचा दंड केला. पुरावा नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे रद्द केला. ब्रिटनमध्ये मात्र पुरावा सापडला. मोजली न जाणारी मतं घेत राहून प्रेक्षकांचे पैसे घेतल्याबद्दल आयटीव्हीला २००८ मध्ये ५६.७५ लाख पौंडांचा दंड झाला. दक्षिण कोरियात 'प्रोड्यूस १०१' या मालिकेच्या निर्मात्याने प्रेक्षकांची मतंच फिरवली आणि २०२० मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली.

चीनमधली गोष्ट या साखळीचं टोक दाखवते. हुनान वाहिनीच्या 'सुपर गर्ल'मध्ये २००५ साली ली युचुन ही आखूड केसांची, मुलासारख्या कपड्यांतली मुलगी ३५ लाख एसएमएस मतांनी जिंकली. तिचा आवाज उपविजेतीहून कमी, असं तेव्हाही म्हटलं गेलं. पण मुलीने कसं दिसावं याच्या ठरीव साच्याला तरुण मुलींनी दिलेलं ते उत्तर होतं, आणि ते मला प्रामाणिक वाटतं. प्रायोजक होती मेंगनिऊ ही दूध कंपनी. सोळा वर्षांनी, २०२१ मध्ये, याच कंपनीचं पेय दुसऱ्या एका स्पर्धेचं प्रायोजक होतं आणि मत देण्याचा कोड बाटलीच्या झाकणाखाली छापला होता. चाहत्यांनी खोक्यांनी बाटल्या विकत घेतल्या, झाकणं काढली आणि आतलं पेय माणसं लावून गटारात ओतलं. त्याची चित्रफीत पसरली, सरकारने कार्यक्रम थांबवला.

महाराष्ट्राची आठवण अर्थातच २००९ ची. झी मराठीच्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'च्या अंतिम फेरीत पाच मुलं होती: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत. कार्तिकी जिंकली. आर्याच्या बाजूने आणि कार्तिकीच्या बाजूने घराघरांत जो वाद झाला, त्यात सुरांइतकीच आळंदी आणि पुणे, भजनी मंडळ आणि शास्त्रीय तालीम, यांचीही बाजू घेतली जात होती. त्या वयाच्या मुलांवर हे ओझं टाकायला नको होतं. पण एक गोष्ट या महाराष्ट्राच्या पदरात टाकायलाच हवी. निकाल लागला आणि लोकांनी तो बाजूला ठेवला. 'पंचरत्न' म्हणून पाचांनाही गावोगाव बोलावलं, पाचांनाही ऐकलं. २०२१ मध्ये नवं पर्व आलं तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांवर हे पाचही जण बसले. म्हणजे एकच निवडा असं विचारलं तेव्हा लोकांनी गट केले, नुसतं ऐका म्हटलं तेव्हा त्यांच्या कानांनी गुण बरोबर ओळखला.

निकाल लोकांच्या हातून काढून घ्यावा, असं मी म्हणणार नाही. युरोपातल्या 'युरोव्हिजन'ने यावर दीर्घ काळ खटपट केली आहे. १९५६ पासून परीक्षक, १९९७ मध्ये पाच देशांत टेलिफोन-मतदानाचा प्रयोग, मग जवळजवळ सगळीकडे प्रेक्षकांची मतं, मग शेजारी शेजाऱ्याला आणि स्थलांतरित आपल्या मायदेशाला मत देतात अशी ओरड, आणि २००९ पासून अंतिम फेरीत निम्मे गुण परीक्षकांचे, निम्मे प्रेक्षकांचे. भांडण त्यानेही मिटलं नाही. २०२३ मध्ये प्रेक्षकांनी फिनलंडला पहिलं केलं आणि परीक्षकांच्या गुणांवर स्वीडनची लोरीन जिंकली. पण कुणी कुणाला किती गुण दिले, परीक्षकांनी किती आणि प्रेक्षकांनी किती, हे तिथे देशवार जाहीर होतं, म्हणून भांडण निदान खऱ्या आकड्यांवर होतं. २०२५ च्या अखेरीस त्यांनी एका प्रेक्षकाला देता येणारी मतं २० वरून १० वर आणली.

मला विचाराल तर ती एकावर आणावीत. एका फोनला एक मत, आणि पडद्यावर मतांच्या आकड्याशेजारी मत देणाऱ्या माणसांचा आकडा. मोबाइल क्रमांकावरून आज हे मोजणं सहज शक्य आहे. वाहिन्यांनी ते केलं तर त्यांचं उत्पन्न घटेल, आणि 'कोटी कोटी मतं' अशी घोषणा करता येणार नाही. दार्जिलिंगसारख्या लहान मुलखाची जिंकण्याची वाटही त्याने अरुंद होईल, हे मला ठाऊक आहे आणि ते बोचतंही. तरीही, वर्गणी काढून डोंगरातल्या माणसांनी जो पैसा या पेटीत ओतला, तो त्यांच्या खिशातच राहिला असता, हेही तितकंच खरं आहे.